मटणबंदी, मिगची शेवटची फेरी आणि ओझरचं तेजस

जानेवारी २०२५च्या शेवटी बेंगळुरूच्या येलहंका भागात मटणाची दुकानं बंद झाली. महापालिकेचा आदेशच होता: २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी, वायुदलाच्या तळापासून तेरा किलोमीटरच्या आत मटण-चिकन-मासळी विकायची नाही, हॉटेलात वाढायचीही नाही. कारण घारी. उघड्यावर पडलेल्या मांसाच्या तुकड्यांवर घारी जमतात, आणि कसरती करणाऱ्या जेटच्या इंजिनात एखादी घार ओढली गेली, तर वैमानिकाच्या हातात जेमतेम काही सेकंद उरतात. येलहंक्याला भरणारा एरो इंडिया हा एअर शो जवळ आला की आकाशाच्या आधी अशी जमिनीवरची साफसफाई सुरू होते.

विमानवेड्यांसाठी २०२५ हे वर्ष भरगच्च होतं. त्यातले माझे लाडके क्षण तारखांच्या क्रमानं सांगतो. आवडीचा क्रम लावायला गेलो तर सप्टेंबर-ऑक्टोबरच सगळी जागा खातील.

जानेवारी : आवाज फोडला, आवाज न करता

२८ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या वाळवंटावर एक्सबी-१ नावाचं छोटं, टोकदार विमान ध्वनीपेक्षा वेगानं गेलं. बूम सुपरसॉनिक या खासगी कंपनीचं हे प्रायोगिक विमान. गंमत अशी, की खाली जमिनीवर स्फोटासारखा तो प्रसिद्ध आवाज पोचलाच नाही. वरच्या थंड हवेत ध्वनीचा वेग कमी असतो, खालच्या उबदार हवेत जास्त. वेग आणि उंची नेमकी साधली, तर धक्कालहरी खाली येता येता वळतात आणि पुन्हा वर निघून जातात. कॉनकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाला भूभागावरून उडताना ज्या आवाजापायी बंदी सोसावी लागली, त्यावरचा एक उतारा असा हवेच्या थरांतच दडलेला आहे.

फेब्रुवारी : येलहंका

१० ते १४ फेब्रुवारी, एरो इंडिया. रशियाचं सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५, पाचव्या पिढीची ही दोन विमानं भारतातल्या एकाच शोमध्ये पहिल्यांदाच आली. ज्यांचे फोटो वर्षानुवर्षं फक्त मासिकांत पाहिले, ती विमानं एकाच तळावर. गर्दीतली पोरं एकाकडून दुसऱ्याकडे पळत होती, आणि पोरांचे बापही.

सुखोई-५७ हवेत गेलं की मान आपोआप वर वळते. ते नाक आकाशाकडे करतं, वेग इतका टाकतं की पुढे सरकतच नाहीसं वाटतं, आणि मग हवेत उभ्या उभ्या वळतं. एवढ्या कमी वेगात पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या पट्ट्यांना हवेची पकड मिळत नाही. तेव्हा इंजिनाची तोंडंच हलतात आणि धगधगता झोत हवा तिकडे वळवतात. हीच विद्या आपल्या सुखोई-३०ला येते, आणि भारतीय सुखोईंपैकी बहुतेक तयार झाली ती नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या म्हणजे एचएएलच्या कारखान्यात. ओझर हे नाव लक्षात असू द्या. वर्षभर जे जे आवडलं, त्यातलं बरंचसं फिरून तिथेच पोचतं.

आता सूर्यकिरण, वायुदलाचं कसरतपथक. नऊ हॉक विमानं, दोन विमानांतलं अंतर काही वेळा पाच मीटरपेक्षाही कमी. शेजारच्या विमानाच्या पंखावर नजर ठेवून उडायचं, पुढचा सांगेल तेव्हा वळायचं, आणि हे सगळं जमिनीच्या जवळ. या वेळी मात्र मी विमानांपेक्षा धुराकडे जास्त पाहिलं. पांढरा धूर ही मुळात साधी युक्ती आहे. इंजिनाच्या तापलेल्या झोतात डिझेलची बारीक फवारणी केली की त्याची वाफ होते, आणि बाहेरच्या गार हवेत ती निवून तिच्या बारीक थेंबांचं पांढरं धुकं तयार होतं. रंगीत धुराला वेगळी टाकी, वेगळी नळी, रंगाचं वेगळं मिश्रण लागतं. हे सगळं सामावणारे पॉड वायुदलाच्या नाशिकच्या बेस रिपेअर डेपोनं तयार केले, आणि सूर्यकिरणच्या मागे केशरी-पांढरा-हिरवा पट्टा उमटू लागला. येलहंक्यात तिरंग्याला टाळ्या पडत होत्या, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला मी मुद्दाम सांगितलं, की हे काम नाशिकचं.

वायुदलाचं हेलिकॉप्टर पथक सारंग नसल्याची चुटपुट लागली. मोराची चित्रं रंगवलेली ही ध्रुव हेलिकॉप्टरं एरवी एकमेकांना काट मारत जातात. पण ५ जानेवारीला पोरबंदरला तटरक्षक दलाच्या ध्रुवला अपघात झाला, आणि तपासासाठी ध्रुवांची उड्डाणं थांबवली गेली. ते योग्यच झालं. कार्यक्रमापेक्षा तपास मोठा.

नवख्यांसाठी एक सल्ला इथेच देऊन ठेवतो. एअर शोमध्ये आवाज येईल तिकडे पाहू नका. ध्वनीला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. आवाज कानावर पडतो तोवर जेट केव्हाच पुढे गेलेलं असतं. ज्या दिशेनं ते चाललंय, तिकडे आवाजाच्या बरंच पुढे नजर टाका.

मे : झडपा बंद

मे महिन्यात नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचा आदेश आला. लष्करी धावपट्टी वापरणाऱ्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, विमान दहा हजार फुटांवर जाईपर्यंत खिडकीच्या झडपा खाली ठेवायच्या, उतरतानाही तसंच. आपत्कालीन दरवाजाजवळच्या रांगेला तेवढी सूट. सीमेवर तणाव होता, आदेशाचं कारण उघड होतं. विमानवेड्याला खिडकीची सीट मिळाली आणि झडप बंद, याची रुखरुख वाटतेच. पण धावपट्टीशेजारी कुठली विमानं कशी उभी आहेत हे फोटोत जाऊ नये, हे आपल्यालाच सगळ्यांत आधी कळायला हवं.

जून : केरळात अडकलेला पाहुणा

१४ जूनच्या रात्री ब्रिटिश नौदलाच्या विमानवाहू जहाजावरचं एक एफ-३५बी तिरुवनंतपुरमला उतरलं. इंधन कमी, हवामान वाईट. सकाळी भरारी घेईल अशी सगळ्यांची समजूत. पण त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड निघाला, आणि जगातल्या सगळ्यांत महागड्या लढाऊ विमानांपैकी एक केरळच्या पावसात उघड्यावर उभं राहिलं. भोवती आपल्या सीआयएसएफच्या जवानांचा पहारा. गुपितं जपायची म्हणून सुरुवातीला हँगरमध्ये न्यायलाही ब्रिटिश तयार नव्हते. शेवटी इंग्लंडहून तंत्रज्ञांची तुकडी ए-४००एम मालवाहू विमानातून आली, आणि मग ते हँगरमध्ये गेलं.

तोवर केरळ पर्यटन विभागानं संधी साधली होती. नारळाच्या झाडांमधलं एफ-३५, आणि शेजारी त्यानं दिलेला पाच तारे अभिप्राय: केरळ इतकं सुंदर आहे की इथून जावंसंच वाटत नाही. हसून हसून पुरेवाट झाली. २२ जुलैला, पाच आठवड्यांहून जास्त मुक्काम ठोकून, पाहुणा निघाला.

त्या विमानतळाला लागूनच शंखुमुखम किनारा आहे. ३ डिसेंबरला नौदल दिनाची प्रात्यक्षिकं तिथेच झाली. पूर्वी हा मान आपल्या तारकर्लीला मिळाला होता, २०२३ साली. नौदलाचा विषय निघालाच आहे, तर त्याच्या मिग-२९के विमानांचं घर गोव्यातलं, दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर. गोव्याला जाणाऱ्यांनी बोगमाळ्याचं नौदल विमान संग्रहालय चुकवू नये. तिथलं चार पंख्यांचं, तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन पाहिल्यावर पूर्वी विमानं किती देखणी असत ते कळतं.

जुलै : जरीमरीचा पाऊस

मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर बहुतेक विमानं पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात. धावपट्टीच्या त्या टोकाला जरीमरी. पत्र्याची छपरं, त्यावर निळी ताडपत्री, दोरीवर न वाळणारे कपडे, आणि डोक्यावरून इतक्या खालून जाणारं विमान की पोटावरचे दिवे, चाकांच्या टायरवरचे पट्टे, सांध्यांतून निथळणारं पाणी सगळं दिसतं. विमान येण्याआधी पत्रे थरथरतात. ते गेल्यावर क्षणभरानं हवेचा एक भोवरा खाली येतो आणि ताडपत्री फडफडते. तिथली मुलं खेळ थांबवत नाहीत, मान वरही करत नाहीत.

जुलैत इथे उभं राहायचं खास कारण आहे. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो. दाब उतरला की तापमानही उतरतं, आणि मुंबईच्या पावसाळी, ओलीचिंब हवेतली वाफ तिथल्या तिथे ढग होऊन दिसते. उतरताना फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, उघडले की त्यांच्या कडांवरून पांढऱ्या दोऱ्या सुटतात. कधी संपूर्ण पंखावर धुक्याची चादर पसरते आणि पुढच्याच क्षणी नाहीशी होते. फोटो काढणाऱ्याला इथे उन्हापेक्षा ढगाळ संध्याकाळ बरी.

मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच चालते. तरी ११ नोव्हेंबर २०२३ला इथे एका दिवसात १,०३२ उड्डाणं आणि अवतरणं झाली. हिशेब केला तर सरासरी दर ८४ सेकंदांना एक. टॉवरमधल्या कंट्रोलरना यासाठी वेगळा पुरस्कार असावा, असं माझं ठाम मत आहे.

जुलैच, पण ऑशकॉशला

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं ऑशकॉश एरवी निवांत गाव. जुलैअखेरच्या आठवड्यात मात्र एअरव्हेंचर मेळा भरतो, दहा हजारांहून जास्त विमानं येतात आणि तिथला टॉवर जगातला सगळ्यांत व्यग्र टॉवर होतो. २०२५मध्ये सात लाखांहून अधिक माणसं आली. येणारी बहुतेक विमानं छोटी, खासगी, काही तर मालकानं गॅरेजमध्ये स्वतः बांधलेली. सगळ्यांनी रेडिओवर बोलायचं ठरवलं तर कुणाचंच कुणाला ऐकू येणार नाही. म्हणून फिस्क नावाच्या वस्तीजवळ कंट्रोलर दुर्बीण लावून बसतात आणि रंगावरून विमानाला हाक मारतात: "पिवळं, वर पंख असलेलं, पंख हलव!" वैमानिकानं बोलायचं नाही. पंख डावी-उजवीकडे डोलवायचे, की झालं उत्तर.

पुढची कमाल धावपट्टीवर. तिथे रंगीत मोठे ठिपके काढलेले असतात. एकाला हिरव्या ठिपक्यावर उतरायला सांगतात, त्याच वेळी दुसऱ्याला दुसऱ्या रंगाच्या. एका धावपट्टीवर एकाच वेळी अनेक विमानं! कंट्रोलरांचा गणवेश गुलाबी शर्टांचा. हा मेळा आयुष्यात एकदा तरी पाहायचा, हे माझं ठरलेलं आहे.

२६ सप्टेंबर : मिग-२१

इथे मी थांबणार आहे.

१९६३ साली मिग-२१ चंडीगडला वायुदलात आलं, आपलं पहिलं स्वनातीत लढाऊ विमान. बासष्ट वर्षांनी त्याच चंडीगडला त्याचा निरोप झाला. शेवटची तुकडी २३ क्रमांकाची, पँथर्स. वायुदलप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी स्वतः मिग उडवलं. रेडिओवर त्यांची हाक होती 'बादल-३'. त्या दिवशी मिग उडवणाऱ्यांत स्क्वाड्रन लीडर प्रिया शर्माही होत्या. मिग जॅग्वारबरोबर उडालं, मग स्वदेशी तेजसबरोबर उडालं. उतरल्यावर सहा विमानांवर अग्निशमन गाड्यांनी पाण्याची कमान धरली, इंजिनं बंद झाली, आणि विमानाचा इतिहास ज्यात नोंदवतात ते 'फॉर्म ७००' संरक्षणमंत्र्यांच्या हाती देण्यात आलं.

मिग-२१ ज्यानं धावपट्टीवर उतरताना पाहिलंय, तो ते विसरत नाही. नाकाच्या जागी उघडं तोंड, त्यात मधोमध पुढे-मागे सरकणारा शंकू. पंख इतके तोकडे आणि पातळ, की ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगानंच खाली यावं लागतं. चाकं टेकतात न टेकतात तोच मागे ड्रॅग चूट, म्हणजे ब्रेकची छत्री, फट्कन उघडते आणि विमानाला मागे खेचते. शेवटच्या दिवशी ती छत्री उघडताना पाहून माझे डोळे भरून आले, आणि माझ्या पिढीच्या अनेकांचे भरून आले असतील. १९७१च्या १४ डिसेंबरला ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर चाल करून गेली ती हीच विमानं.

अपघातही शेकडो झाले, कितीतरी तरुण वैमानिक गेले. निरोपाच्या सोहळ्यात हे विसरता येत नाही, विसरूही नये. वारसदार यायला फार उशीर झाला आणि त्याची किंमत या मुलांनी मोजली, असं माझं मत आहे.

आता ओझर. १९६४मध्ये एचएएलचा नाशिकचा कारखाना सुरू झाला तोच मुळी मिग-२१ बांधण्यासाठी. वायुदलात आलेल्या ८५०हून अधिक मिग-२१पैकी सुमारे ६०० एचएएलनं घडवली. अख्ख्या नाशिक पट्ट्यात असं एक तरी घर सापडतं, जिथे कुणी ना कुणी 'मिगमध्ये' नोकरीला होतं. कारखान्याचं पूर्ण नाव कुणी घेतच नाही. मिग म्हटलं की कळतं.

१७ ऑक्टोबर : पुन्हा ओझर

मिगला निरोप देण्याच्या आदल्याच दिवशी, २५ सप्टेंबरला, सरकारनं मिगच्या या वारसदाराचा, आणखी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा, करार केला. आणि तीनच आठवड्यांत, १७ ऑक्टोबरला, ओझरला घडवलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. त्याच दिवशी तेजसच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचं आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या साखळीचं उद्घाटन झालं. तेजसच्या पहिल्या दोन साखळ्या बेंगळुरूच्या.

त्या दिवसांत ओझरच्या आसपास, निफाड तालुक्यात, द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चाललेली असते. मांडवाखाली कात्री चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून सुखोई, तेजस आणि एचटीटी-४० एकाच सकाळी उडालेली. मोठ्या शहरांतल्या शोपेक्षा हे दृश्य मला जास्त मोलाचं वाटतं, कारण इथे पाहणारा आणि घडवणारा एकाच गावचा असतो.

तेजस ओळखायला सोपं. सुखोई-३० सुमारे २२ मीटर लांब, तेजस १३ मीटरच्या जरा वर. शेजारी उभं केलं तर धाकटं भावंड शोभेल. पंख त्रिकोणी, आणि मागे आडवी शेपटीच नाही. आभाळात छोटा, एकटा त्रिकोण आणि त्यावर एकच उभा पंख दिसला, की ते तेजस असण्याची शक्यता मोठी.

ऑक्टोबर, परदेशात

२८ ऑक्टोबरला नासाच्या एक्स-५९नं पामडेलहून पहिलं उड्डाण केलं. विमानाच्या लांबीचा सुमारे तिसरा हिस्सा नुसतं नाक! ते इतकं लांब, की वैमानिकाला समोर काच ठेवलेलीच नाही. कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर पाहून उडवायचं. ध्वनीपेक्षा वेगानं जाताना धक्कालहरी एकत्र येऊ नयेत आणि खाली नुसता 'थप्' ऐकू यावा, यासाठी हा सगळा खटाटोप.

नोव्हेंबर : दुबई

९ नोव्हेंबरला गुवाहाटीत ब्रह्मपुत्रेवर वायुदलाचा फ्लायपास्ट झाला, ईशान्येतला पहिलाच एवढा मोठा. खाली रुंद पात्र, वर विमानांच्या रांगा. फोटोंना तोड नव्हती.

आणि २१ नोव्हेंबर. दुबई एअर शोच्या शेवटच्या दिवशी कसरती करताना आपलं तेजस कोसळलं. विंग कमांडर नमांश स्याल गेले. हिमाचलमधल्या कांगड्याचे. त्या दिवशी अमेरिकेच्या एफ-१६ पथकानं आपलं उरलेलं उड्डाण रद्द केलं. वर्षाचा आढावा लिहिताना हा दिवस गाळणं मला जमणार नाही. जमिनीलगतच्या कसरतींमध्ये चूक सावरायला उंची शिल्लक नसते. आपण खाली बसून टाळ्या वाजवतो, तेव्हा वरचा माणूस प्रत्येक वळणाला किती मोठी जोखीम घेत असतो, ते त्या दिवशी साऱ्या जगानं पाहिलं. त्यांना सलाम.

२५ डिसेंबर : नवी मुंबई

नाताळची सकाळ, आठ वाजता. बेंगळुरूहून आलेलं इंडिगोचं विमान नवी मुंबई विमानतळावर उतरलं, आणि पाण्याच्या कमानीखालून गेलं. सप्टेंबरमध्ये निरोपाला धरलेली कमान, डिसेंबरमध्ये स्वागताला. आदल्या संध्याकाळी दीड हजारांच्या आसपास ड्रोननी आकाशात चित्रं काढली होती.

हा विमानतळ उभा करायला उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. धावपट्टी ३,७०० मीटरची. पण तिच्यावर पहिलं उतरलं ते वायुदलाचं सी-२९५, ११ ऑक्टोबर २०२४ला, आणि त्याच दिवशी सुखोई-३० धावपट्टीच्या वरून उडत गेलं. म्हणजे इथेही शुभारंभाला ओझरचा पाहुणा हजर होताच. नव्या विमानतळाचा कोड एनएमआय. मुंबईचा अजून बीओएम, बॉम्बेच्या काळातला. नाशिकचा आयएसके.

पहिल्या दिवशी इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा आणि स्टार एअर, चारही कंपन्यांची विमानं आली. कुंपणाबाहेरून ओळखायची असतील तर थोडा गृहपाठ. या विमानांत इंजिनाचा मागचा काठ करवतीसारखा दातेरी दिसला, की ते बोइंग ७३७ मॅक्स; अकासाचा सगळा ताफा तोच. एअर इंडिया एक्सप्रेसच्या नव्या विमानांच्या शेपटीवर बांधणी, अजरख असे आपले कापडाचे नमुने असतात. इंडिगोच्या एअरबसचं नाक गोलसर, बोइंगचं जरा टोकदार. आणि छोटंसं, सडपातळ एम्ब्राएर दिसलं तर ते स्टार एअरचं. त्यात बहुतेक ओळींत दोन अधिक दोन सीट, मधली सीटच नाही. खिडकी मिळण्याची शक्यता निम्मी. तिकीट काढताना मी आधी तेच बघतो.